हत्तीचे डोळे आधी उसव

प्रिय बाळा,

तू शिवलेला कापडी हत्ती फोटोत बघितला, दोनदा झूम करून बघितला, छान झालाय. सोंडेला जो बाक आलाय ना तो मला पहिलं वर्षभर जमला नव्हता, माझ्या सगळ्या हत्तींच्या सोंडा पाइपासारख्या सरळसोट, कारण वळणावर शिलाईच्या बाहेरच्या कापडाला कट द्यायचे असतात हे कोणी सांगितलंच नव्हतं आणि सुलट केलं की तिथे कापड गोळा व्हायचं. तू कट दिलेयस, दिसतंय. पण डोळ्यांना शर्टाची बटणं लावलीयेस आणि हत्ती चाललाय मैत्रिणीच्या नऊ महिन्यांच्या बाळाला. ती बटणं आजच उसव.

रागावू नकोस, पण त्या वयाचं बाळ खेळणं बघत नाही, चावतं. दात शिवशिवत असतात, त्यामुळे सोंड, कान, डोळा जे हाताला लागेल ते तोंडात. दोरा तू चारपदरी घे नाहीतर आठपदरी, रोज लाळेने भिजलेलं कापडच एक दिवस फाटतं आणि बटण बरोबर घेऊन सुटतं. खेळणी तपासणाऱ्या लॅबमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक छोटं नळकांडं असतं, 31.7 मिलिमीटर व्यासाचं, त्यात मावेल असा कुठलाही तुकडा खेळण्यातून सुटून येता कामा नये. आपलं दहा रुपयांचं नाणं त्यात आरामात जातं, आता तुझं बटण केवढंसं ते बघ! मागून वॉशर लावायचे प्लॅस्टिकचे डोळे मिळतात, नावात सेफ्टी असलं तरी इतक्या लहान बाळाला मी ते पण लावत नाही. काळा भरतकामाचा दोरा घे आणि डोळे भरून काढ. पुढच्या वेळी डोळे आधी भरायचे आणि डोकं नंतर शिवायचं, म्हणजे गाठ आत राहते. आता हत्ती बंद झालाय तर सुई कानाच्या बुडातून घाल, गाठ कानाखाली लपेल. आणि हो, त्या मैत्रिणीला सांग, वर्षाच्या आतल्या बाळाच्या शेजारी झोपताना हत्ती ठेवायचा नाही. जागेपणी खेळू दे हवं तेवढं.

आत काय भरलंयस ते लिहिलं नाहीस. कापूस असेल तर काढ. माझं पहिलं अस्वल मी जुन्या उशीच्या कापसाने भरलं होतं, फुकट होता ना! भाचीने त्याच्यावर वरणभात सांडला, तिच्या आईने धुतलं, ऐन जुलैमध्ये, ते काही चार दिवस वाळलं नाही आणि वाळलं तेव्हा पोटात तीन गोळे आणि कुबट वास. दुकानात रेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचा भराव, माग, धुतला तरी गोळा होत नाही आणि लवकर वाळतो. भरताना मूठमूठ कोंबायचा नाही, बोटाने पिंजून चिमटीचिमटीने, आधी पाय आणि सोंडेचं टोक, पेन्सिलीच्या मागच्या बाजूने दाबत, पोट सगळ्यात शेवटी. मान मात्र घट्ट, वाटतं त्याहून घट्ट भर, कारण मुलं खेळण्याला मानेला धरूनच घरभर फिरवतात आणि आठवड्यात डोकं लटकायला लागतं.

पुढचं अस्वल फरचं करायचं म्हणतेस तर एकच सांगते, फर कात्रीने कचाकच कापायची नाही. उलटी पसरायची, मागच्या बाजूने पॅटर्न काढायचा आणि कात्रीचं फक्त टोक कापडाखाली सरकवत नुसतं मागचं कापड कापायचं, म्हणजे पुढचे केस अखंड राहतात आणि शिलाई दिसत नाही. केस सगळ्या तुकड्यांवर खालच्या दिशेने यायला हवेत. मी एकदा एक कान उलटा कापला होता, आख्खं अस्वल विस्कटलेलं दिसायचं. तोंडाला मास्क बांध, ते केस नाकात जातात, आणि शिवून झालं की शिलाईत अडकलेले केस सुईने बाहेर ओढून घे. सामानाला तुझ्या तिथून पुण्याची बोहरी आळी जवळ पडेल, मी मुंबईला गेले की अब्दुल रहमान स्ट्रीटला जाते आणि ठरवलेल्यापेक्षा दुप्पट सामान घेऊन येते, तो वेगळा विषय.

हत्तीवरून आठवलं. जर्मनीत गिंगेन नावाचं गाव आहे, तिथली मार्गारेट श्टाइफ. लहानपणी पोलिओ झाला, पुढे कायम चाकाच्या खुर्चीत, उजव्या हातात जोर नाही म्हणून शिलाई मशीन उलटं फिरवून डाव्या हाताने चाक फिरवायची. 1880 मध्ये तिने फेल्टचे छोटे हत्ती शिवले, खेळणी म्हणून नाही हं, टाचण्या टोचायला, ओळखीच्या लोकांना भेट द्यायला. घरातल्या मुलांनी ते पळवले आणि खेळायला लागली, आणि त्यातून पुढे जगभर जाणारा कारखाना उभा राहिला. मला यात आवडतं ते हे की वस्तू कशासाठी आहे ते मुलांनी ठरवलं.

आता तू गॅदरिंगसाठी शिवणार आहेस तो वाघाचा ड्रेस. इथे माझं ऐक कारण इथे मी मार खाल्लाय. शेजारच्या मुलाला मी फरचा अंगभर वाघ शिवला होता, पाठीला चेन, शेपटीत तार, काय रुबाब! स्टेजमागे पोरगं घामाने चिंब, मग त्याला शूला लागली आणि चेन फरमध्ये अडकली. पुढचं सांगत नाही. त्याची आई मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून वाघ असो नाहीतर मावळा, ड्रेस दोन तुकड्यांत, खाली इलॅस्टिकची पँट, वर मागून वेल्क्रो, आणि कापड होजिअरीचं, पट्टे फॅब्रिक पेंटने रंगवायचे. स्टेजवरून कोणाला फर दिसत नाही. शेपटीत तार घालू नकोस, रेक्रॉन भर. नऊवारी हवी असेल तर शिवलेली कर, काष्टा आधीच टाके मारून बसवायचा, पाच वर्षांच्या पोरीला नेसवायला वेळ कोणाला असतो. आणि ड्रेस आदल्या दिवशी घालून मुलाला खाली बसायला, उडी मारायला, बाथरूमला जायला लाव.

विकायचं म्हणालीस त्याबद्दल थोडंसं. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, घरी शिवलेलं अस्वल पण खेळणंच आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा ऑर्डरी घ्यायच्या आधी त्यांच्या कार्यालयात जाऊन तुझं काम त्यात बसतं का विचार. भेट द्यायला कोणी अडवत नाही. आणि किंमत सांगताना फक्त कापड आणि रेक्रॉन धरू नकोस, या हत्तीला तुला किती तास लागले ते खरं खरं लिहून ठेव, उसवण्याचे तास धरून. नातेवाईक म्हणतील, अगं घरीच तर करतेस. म्हणू देत.

डोळे भरून झाले की फोटो पाठव, जवळून, उजेडात काढ, फिल्टर नको. आणि हत्तीला आधी एकदा स्वतः धुऊन बघ, मग दे. माझ्याकडे करड्या फरचा अर्धा मीटर तुकडा पडलाय, अस्वलाचं एक डोकं आणि दोन पंजे निघतील, येशील तेव्हा घेऊन जा. येताना तुझी कात्री पण आण, मला वाटतं तिची धार गेलीये, कानाची कड कुरतडल्यासारखी दिसतेय.

तुझी,
काकू