विद्यापीठाचे जुने दप्तर खुले करताना

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या तळघरात शंभराहून अधिक वर्षांचे कागद पडून आहेत : सभांची इतिवृत्ते, आवक-जावक नोंदवह्या, परीक्षांच्या फायली, छायाचित्रे. ते खुले करण्यासाठी नेमलेल्या समितीवर मी आहे. काही सदस्य म्हणतात, सगळे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकावे. काहींच्या मते मार्गदर्शकाचे पत्र आणणाऱ्या संशोधकांखेरीज कोणालाच ते दाखवू नये. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : यादीपासून. कोणत्या खोक्यात कोणत्या कार्यालयाचे, कोणत्या काळातले काय आहे, एवढी साधी यादी प्रसिद्ध झाली तरी अभ्यासक आपणहून दाराशी येतात. यादीविना चढवलेल्या हजारो प्रतिमांमध्ये मात्र काय शोधायचे, हेच कोणाला उमगत नाही.

यादी करताना कागद विषयवार लावण्याचा मोह आवरावा. एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या एका परिपत्रकाने घालून दिले आणि अभिलेखपाल आजही त्यावरच चालतात. फायलीतला मूळ क्रमही तितकाच मोलाचा असतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीचा प्रवेशअर्ज, त्याखाली कारकुनाचा शेरा, समासात कुलसचिवांनी पेन्सिलीने नोंदवलेली हरकत आणि शेवटी सभेचा ठराव असे कागद एकापाठोपाठ लावलेले आहेत. निर्णय कुठे अडला आणि कसा फिरला, हे त्या क्रमातूनच कळते. अर्ज ‘प्रवेश’ या गठ्ठ्यात आणि ठराव ‘सभा’ या गठ्ठ्यात गेला, की तो धागा तुटलाच.

स्कॅनिंग अवश्य करावे, पण निवडून. शाई तपकिरी पडून अक्षरांच्या जागी कागदाला भोके पडू लागली असतील, तर ती बहुधा लोहयुक्त शाई असते आणि ती कागद खातच राहते; असे कागद आधी घ्यावेत. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नये. (सर्वांत जास्त नासाडी अशा सद्‌हेतूनेच होते.)

आता प्रवेशाविषयी. युनेस्कोने २०११ मध्ये स्वीकारलेल्या अभिलेखविषयक जागतिक जाहीरनाम्यात, संबंधित कायदे आणि व्यक्तींचे हक्क राखून अभिलेख सर्वांना उपलब्ध असावेत, असे म्हटले आहे. त्यामुळे मार्गदर्शकाच्या पत्राची अट मला पटत नाही. आजोबांचे नाव नोंदवहीत शोधायला आलेल्या नातवालाही वाचनकक्षात तीच खुर्ची मिळावी. ओळखपत्र, फक्त पेन्सिल आणि एका वेळी एकच फाइल, एवढे नियम पुरेत.

बंधन माणसावर घालण्याऐवजी कागदाच्या वयावर घालावे. हार्वर्ड विद्यापीठात सर्वसाधारण प्रशासकीय अभिलेख ५० वर्षे, तर विद्यार्थी व कर्मचाऱ्यांचे व्यक्तिगत अभिलेख ८० वर्षे बंद ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्याकडचे आकडे तुमच्या देशातील कायदा पाहून ठरवावेत, पण ते लेखी असावेत आणि कुलगुरूंच्या पाहुण्यांनाही तेच लागू व्हावेत. प्राध्यापकांनी दिलेल्या खासगी पत्रांचा प्रश्न निराळा आहे : कागद विद्यापीठाचा झाला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लेखकाकडे किंवा वारसांकडे असू शकतो, म्हणून ती प्रसिद्ध करण्यापूर्वी देणगीपत्र तपासावे. एखादी फाइल नाकारावी लागली, तर नकाराचे कारण आणि ती कोणत्या वर्षी खुली होईल, हे दोन्ही वाचकाला लेखी कळवावे.