वाचकांचे प्रश्न: माणसं चांगली, मग टीम का अडते?

प्रश्न: आमच्या डाळ मिलमध्ये दोन पाळ्यांत मिळून १२ जण आहेत. एकेकाच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. तरी तुरीत चुरी वाढते, महिन्यातून दोन-तीनदा माल परत फिरवावा लागतो. चूक कोणाची धरायची?
– एक सुपरवायझर, जळगाव

उत्तर: माणूस धरण्याआधी कोण कोणाशी बोलतं ते बघा. तेल-पाणी दिलेली तूर कितपत वाळली, हे वाळवणीवरच्या माणसाच्या हाताला कळतं. ते रोलवाल्यापर्यंत, म्हणजे साल काढायच्या मशीनवरच्या माणसापर्यंत, पोचलं नाही तर ओलसर तुरीचं साल सुटत नाही, तो तीच तूर पुन्हा रोलवर घालतो आणि चुरी होते. कसब दोघांकडेही आहे, निरोप मात्र मधेच राहतो.

प्रसाद बालकुंदी आणि डेव्हिड हॅरिसन या संशोधकांनी २००६ मध्ये प्रत्यक्ष कामावरच्या टीमांचे ३७ अभ्यास एकत्र तपासले. ज्या टीममध्ये आपसातले संबंध दाट, ती उद्दिष्ट जास्त चांगलं गाठते आणि टिकूनही राहते, असं त्यात दिसलं. प्रमुख स्वतः संबंधांच्या या जाळ्याच्या मध्यावर असेल तर कामही सरस होतं. संबंध कशाचा आहे, यानेही फरक पडतो. म्हणून एकच प्रश्न विचारून भागत नाही.

प्रत्येकाला एकेकटं बसवून तीन गोष्टी विचारा. कामात अडलं की कोणाकडे जाता? मालाची, मशीनची खबर कोणाकडून कळते? मनातलं कोणाशी बोलता? नावं कितीही घेऊ द्या. लिहिता येत नसेल त्याला तोंडी विचारा, पण विचारणारा मिलबाहेरचा असावा. मग प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा कागद घ्या, १२ गोल काढा आणि उत्तर देणाऱ्याच्या गोलापासून त्याने ज्याचं नाव घेतलं त्याच्या गोलाकडे बाण ओढा. १२ जणांत जास्तीत जास्त १२ × ११ म्हणजे १३२ बाण होतात. तुमच्याकडे ३३ निघाले, तर दाटपणा २५ टक्के. एकाने जरी उत्तर दिलं नाही, तरी त्याच्याकडून निघू शकणारे ११ बाण हातचे जातात. म्हणून रजेवरच्यालाही परत आल्यावर विचाराच.

टक्केवारीपेक्षा बाण कुठे दाटलेत ते महत्त्वाचं. सल्ल्याच्या कागदावर एकाच जुन्या रोलवाल्याकडे नऊ बाण जात असतील, तर त्याच्या सुटीच्या दिवशी चुरी किती निघाली ते रजिस्टरमध्ये पडताळा. दोन पाळ्यांच्या मधे एकही बाण नसेल, तर पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांच्या माणसांना एकत्र ठेवा. वाळवणीवर उभं राहून, तूर हातात घेऊन बोलू द्या. नुसत्या पार्टीने हे होत नाही.

हा कागद पगारवाढीसाठी कधीही वापरू नका, भिंतीवर लावू नका. 'कोण आवडत नाही' हे तर विचारूच नका. एकदा विश्वास उडाला की पुढच्या वेळी सगळे मालकाचंच नाव सांगतील.

प्रश्न: आमच्या गटात दहा जणी केळीचे वेफर्स करतो. सगळे निरोप अध्यक्षताईंमार्फत जातात. त्यात वेळ वाचतो, पण बाकीच्या नाराज असतात. पद्धत बदलावी का?
– एक सदस्य, यावल

उत्तर: सगळीच नको. १९५१ मध्ये हॅरोल्ड लेविट या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच-पाच जणांच्या गटांनी चिठ्ठ्या पाठवून एक कोडं सोडवायचं होतं. चाकाच्या रचनेत सगळ्या चिठ्ठ्या मधल्या एकाकडे जात, वर्तुळात फक्त शेजाऱ्याकडे. चाकातल्या गटांच्या चुका कमी झाल्या, समाधान मात्र वर्तुळातल्यांना जास्त मिळालं. पुढे मार्विन शॉ यांनी दाखवलं की काम गुंतागुंतीचं झालं की मधल्या माणसावर भार पडतो आणि मोकळी रचना पुढे जाते.

म्हणून ऑर्डर, पाकिटांचा हिशोब, पैसे ताईंकडेच राहू द्या. पण वेफर्स मऊ पडल्याची तक्रार आली, तर किसणारी, तळणारी आणि पाकीट भरणारी यांनी ताईंची वाट न पाहता एकमेकींशी बोलावं. काप जाड पडले, तेल पुरेसं तापलं नव्हतं, की कोमट वेफर्सचंच पाकीट सील केल्याने आत वाफ धरली, हे तिघी एका जागी आल्याशिवाय उलगडत नाही.

प्रश्न: केळी उत्पादकांचा आमचा गट, सगळे शेजारी नाहीतर भाऊबंद. एकी घट्ट, तरी नव्या खरेदीदाराची खबर उशिरा लागते.
– एक शेतकरी, रावेर

उत्तर: जे एकाला माहीत तेच सगळ्यांना माहीत, म्हणून. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी लागलेल्यांची आकडेवारी आहे. त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होणारे १६.७ टक्केच होते, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे नवी खबर बहुधा लांबच्या ओळखीतून येते. तुमच्यातल्या दोघांनी दुसऱ्या तालुक्यातले उत्पादक, ट्रकवाले, कोल्ड स्टोरेजवाले यांच्याशी महिन्यातून एकदा तरी बोलावं. दोघं एकाच घरातले नकोत.