उंबऱ्यापाशी अडणारं पाऊल

प्रश्न : माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना दारातच पाय जमिनीला चिकटतात. ‘चला, चला’ म्हटलं की आणखी अडतात. जिना मात्र बिनधोक चढतात, म्हणून घरात काहींना ते नाटक वाटतं. ठेच लागू नये म्हणून उंबराही काढला. दिरांनी लेसरच्या बुटांचा व्हिडिओ पाठवलाय. घ्यावेत का?
– एक सून, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, नाटक नाही हो. चालणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, पाऊल आपोआप पडतं. या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं की हे ‘आपोआप’च बिघडतं, आणि अरुंद दार, वळण, घाई अशा ठिकाणी जास्त. पण समोर ओलांडण्याजोगं काही दिसलं, तर माणूस बघून, ठरवून पाऊल टाकू शकतो. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे तशी एक रेघच.

माझे मामा कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरायचे आणि घरी न्हाणीच्या दारात अडायचे. मी फिजिओथेरपी शिकत होते, शहाणपण ऊतू जात होतं. एकदा हात धरून ओढलं. पाय जागेवर, धड पुढे. दोघंही बादलीवर पडलो. तेव्हापासून पेशंटच्या घरी गेले की पहिलं वाक्य हेच : ओढू नका. थांबू द्या, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर डुलवू द्या, मग एक मोठं पाऊल.

आता बूट. एका पायावर भार आला की त्या बुटातून दुसऱ्या पायापुढे प्रकाशाची रेघ पडते. नेदरलँडमध्ये अशा बुटांची चाचणी झाली, २०१७ साली तिचे निष्कर्ष आले, त्यात अडण्याचे प्रसंग बरेच कमी झाले होते. कल्पना खोटी नाही. पण मला सांगा, आपल्याकडे स्वयंपाकघराच्या दारात पायात बूट कोण घालतं? जिथे अडतात तिथे ते अनवाणी. आणि बाहेर आपल्या उन्हात लेसर नीट दिसत नाही. डोळ्यांपुढे रेघा दाखवणारे चष्मेही आहेत. नंबरचा चष्मा, वजन, चार्जिंग हे सगळं या वयात सांभाळायचं, म्हणून माझं मन त्याला धजत नाही. लेसरची काठी घरात चालेल, फक्त नातवंडांच्या डोळ्यांवर मारू देऊ नका.

त्याआधी टेप आणा. तुमच्याकडे काळसर शहाबादी फरशी असेल तर पिवळी किंवा पांढरी, दोन बोटं रुंद. चालण्याच्या दिशेला आडव्या पट्ट्या लावा, उभ्या नव्हेत. ते मोकळे चालत असतील तेव्हा पाऊल मोजा, तेवढंच अंतर ठेवा. दाराच्या अलीकडे तीन, पलीकडे दोन आणि एक बरोबर जुन्या उंबऱ्याच्या जागी. उंबरा काढलात ते बरोबरच, पण त्याची रेघ परत द्या. वायरिंगची टेप नको. फरशी पुसता पुसता कडा उचलतात आणि त्यातच पाय अडकतो. कापडी चांगली टिकते. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्टला शेजारी उभं करा. पट्ट्यांनी काहीच फरक पडला नाही, तर लेसरवर पैसे घालण्याची घाई करू नका. प्रत्येकाला रेघ लागू पडत नाही.

आणखी एक. केव्हा अडतात आणि गोळी केव्हा घेतली, हे आठवडाभर टिपून ठेवा. पुढची गोळी जवळ आली की जास्त अडत असतील, तर न्यूरोलॉजिस्ट वेळा बदलून देतील. आपल्या मनाने डोस हलवू नका. ही नोंद दिवाणजींनाच लिहू द्या. या आजाराने अक्षर बारीक होत गेलं असेल, तर कोऱ्या कागदावर नको, नातवाची दुरेघी वही द्या.