जुनी बोर्दो घेताना बाटलीत काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा: लंडनमध्ये एका घरातलं सामान विकायला निघालंय, त्यात १९६६ ची शातो मूतों रोथशील्ड (फ्रान्सच्या बोर्दो भागातली नामांकित लाल वाईन) आहे, ती अस्सल आहे का आणि पिण्याजोगी राहिली असेल का?

मी आधी दुसरं बघेन. घरगुती विक्रीत नकली बाटल्यांपेक्षा बिघडलेल्या बाटल्याच जास्त भेटतात.

बाटली उभी करून वाईनची पातळी बघा. बोर्दोच्या बाटलीला ठळक खांदा असतो, त्यामुळे हे सोपं जातं. इतक्या वर्षांनी पातळी खांद्याच्या वरच्या कडेशी असेल तर छानच. खांद्याच्या मध्यावर असेल तर जुगार, तेव्हा भाव पाडून मागा. त्याहून खाली असेल तर ती कपाटात नुसती शोभेला ठेवायची बाटली. आणि अगदी मानेपर्यंत भरलेली असेल तर लगेच हुरळून जाऊ नका. बूच कधी, कोणी बदललं ते विचारा. समाधानकारक उत्तर नसेल तर मला ती जास्त संशयास्पद वाटेल.

मग मागून मोबाईलचा टॉर्च मारा. विटकरी रंग चालेल, काळ्या चहासारखा तपकिरी नको. तळाशी गाळ हवाच. या वयाच्या लाल वाईनमध्ये तो नसेल तर काहीतरी गडबड आहे. कॅप्सूलखालून (बुचावरच्या धातूच्या आवरणाखालून) सुकलेला चिकट ओघळ आलाय किंवा बूच वर सरकलंय, तर बाटली कधीतरी चांगलीच तापली असणार. तळघरात आडवी होती की स्वयंपाकघरातल्या कपाटात उभी, हे घरच्यांना विचाराच.

आता अस्सलपणा. भामटे मोठ्या नावांच्याच मागे लागतात आणि मूतों त्यातलंच. १९४५ पासून त्यांच्या लेबलवर जवळपास दरवर्षी नव्या कलाकाराचं चित्र असतं. १९६६ चं अलेशिन्स्कीचं आहे. दुसरी खूण अशी की बोर्दोच्या वाईनच्या १८५५ च्या वर्गवारीत मूतों दुसऱ्या वर्गात होतं, पहिल्यात गेलं ते १९७३ साली. त्यामुळे १९६६ च्या लेबलवर ‘प्रमिए क्रू’ (म्हणजे पहिला वर्ग) दिसलं तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा.

अशाच विसंगतीने नकली वाईन विकणारा रूडी कुर्नियावान गोत्यात आला. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याने पोन्सो या फ्रान्समधल्या वाईन बनवणाऱ्या घराण्याच्या ‘क्लो सें-दनी’ वाईनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या ठेवल्या होत्या. लोराँ पोन्सो स्वतः तिथे हजर झाले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाईन १९८० च्या दशकाआधी काढलीच नव्हती. बाटल्या मागे घेतल्या गेल्या. २०१२ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा घरात लेबलांचे ढीग सापडले. पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून कागद मळका आहे की नाही यापेक्षा त्यावर काय छापलंय ते वाचा. मळवणं फार सोपं असतं. जुनं बिल मिळालं तर सोन्याहून पिवळं.

पातळी, कॅप्सूल आणि लेबलचे जवळून काढलेले फोटो टाकलेत तर बघून सांगेन. विक्रेता फोटो काढू देत नसेल तर मात्र नाद सोडा.