फॉर्म भरायला कंटाळू नकोस

ऑटावा, ऑक्टोबर अखेर

प्रिय मुला,

नुनावुतचं, म्हणजे कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या प्रदेशातलं, काँट्रॅक्ट सही करून टाकलंस, हे तुझ्या आईच्या फोनवरून कळलं. तिला धास्ती उणे चाळीसची. मी म्हटलं, अगं थंडीचं काय, चांगला पार्का घेतला की झालं. त्याला रडवणार आहेत ते फॉर्म. ती हसली. मी मात्र गंभीरपणे बोलत होते.

तू माझ्यासारखाच ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आजारी-अपंग माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारा. स्प्लिंट बांधणं, पेशंटला खाटेवरून खुर्चीत हलवणं, नीट बसवणं हे सगळं तुला माझ्यापेक्षा ताजं येतं, त्यावर मी काही शिकवत नाही. पण वरच्या गावांत दहा-बारा वर्षं फिरून माझं एक मत पक्कं झालंय. अर्ज भरणं, पत्रं लिहिणं, फोनवर ताटकळत बसणं याला आपण कारकुनी म्हणतो, पण तिथे तो उपचारच असतो. निम्म्याहून जास्त.

का ते सांगते. नुनावुतमध्ये २५ गावं आणि एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. जमीन महाराष्ट्राच्या सहापट, माणसं सगळी मिळून चाळीस हजारांच्या आसपास. गावात हेल्थ सेंटर असतं, ते नर्स चालवतात. डॉक्टर अधूनमधून येतात आणि तूही तसाच येणार, हवामानाने येऊ दिलं तर. म्हणजे तुझे हात पेशंटला वर्षातून मोजके दिवस लागणार. बाकीचे दिवस त्याच्यासोबत राहणार ते तू मंजूर करून आणलेलं काहीतरी.

सुरुवात डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटपासून कर. नाव ऐकून वाटतं, ज्याला उत्पन्नच नाही त्याला करसवलतीचं काय कौतुक. मलाही तसंच वाटायचं. पण आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचा दाखला मिळाल्याशिवाय एसटीच्या सवलतीपासून पेन्शनपर्यंत एक दार उघडत नाही, तसाच हा इथला दाखला. लहान मुलांचा अपंगत्व भत्ता त्याच्यावर, सरकार भर घालतं ते अपंगांचं बचत खातं त्याच्यावर, आणि जुलै २०२५ पासून सुरू झालेला कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिटही त्याच्यावरच. तो १८ ते ६४ वयाच्यांना, सुरू झाला तेव्हा महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर. उत्तरेतल्या दुकानात दोनशे डॉलरची पिशवी किती हलकी असते ते तू पहिल्याच शनिवारी बघशील. तरी सोडायचे नाहीत.

मेख अशी की या करसवलतीचा फॉर्म, टी-२२०१, साध्या नर्सच्या सहीने चालत नाही. डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे वरचं शिक्षण घेतलेली नर्स, लागते. आपल्याला, म्हणजे थेरपिस्टांना, चालणं, खाणं आणि कपडे घालणं एवढ्यापुरतीच सही करता येते. पण एवढं पुष्कळ आहे. डॉक्टर पुढच्या खेपेला येईपर्यंत जो कागद खणात पडून राहतो, तो तू त्याच दिवशी संपवू शकतोस. आणि विचार, टॅक्स रिटर्न भरलंय का? बऱ्याच जणांनी भरलेलं नसतं. ते नसेल तर पैसे येत नाहीत. गावात ते कोण भरून देतं हे पहिल्या दिवशी शोधून ठेव.

इथे माझी चूक सांगते. एका आजींचा फॉर्म भरताना मी लिहिलं, 'जिद्दीने स्वतःचे कपडे स्वतः घालतात.' आपल्याला शिकवलंय ना, माणसाला काय जमतं ते आधी बघा म्हणून. अर्ज नामंजूर झाला. बरोबरच होतं, दोष माझ्या वाक्यात होता. फॉर्म विचारत होता की त्रास किती, आणि मी प्रशंसापत्र लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्यांदा घड्याळ लावून त्यांच्या शेजारी बसले. एका हाताने पँट, मोजे, वरून जाड स्वेटर. मध्ये दोनदा बसावं लागलं. किती मिनिटं, रोज, औषध घेऊनही, एवढंच लिहिलं. मंजूर झालं. आजींना मात्र वाचून दाखवताना कसंतरी झालं मला. म्हणून आता आधीच सांगते की हा कागद तुमच्याबद्दल वाईट बोलणार आहे, मी नाही. त्यावर बहुतेक जण हसतात.

आता व्हीलचेअर. इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी केंद्राचा नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स कार्यक्रम आहे. औषधं, चष्मे, दात, प्रवास आणि साधनं त्यातून मिळतात. खुर्चीला पूर्वमंजुरी लागते, ती मिळते. पण खुर्ची घरापर्यंत पोचणं वेगळं आणि माणूस खुर्चीतून घराबाहेर पडणं वेगळं. खाली जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे घरं खांबांवर उभी असतात. दार जमिनीपासून मीटरभर उंच धर. एकास बारा उताराने हिशेब कर, बारा मीटरचा रॅम्प झाला. शिवाय मधले टप्पे आणि त्यावर साचणारा बर्फ. रॅम्प साधनांच्या यादीत बसत नाही. बहुतेक घरं सरकारी भाड्याची असतात, म्हणून त्यासाठी गावातल्या हाउसिंग ऑर्गनायझेशनकडे जावं लागतं. आणि लाकूड? तिथे झाड उगवत नाही. ते उन्हाळ्यातल्या जहाजाने येतं, त्याला सीलिफ्ट म्हणतात. ऑर्डरची तारीख चुकली की पुढचा उन्हाळा. म्हणून मेजर टेप घेऊन आधी जिना मोज, मग माणूस. मी उलटं करायचे.

किवालिक भागातल्या एका आजोबांसाठी मी झकास पॉवर चेअर आणवली होती. थंडीत बॅटरी मान टाकायची, पुढची लहान चाकं बर्फात रुतायची. ती घरात टीव्हीसमोर राहिली. सहा महिन्यांनी गेले तर आजोबा घरात नाहीत. पुतण्याने कामुतिकवर, म्हणजे स्नोमोबाइलमागच्या लाकडी घसरगाडीवर, प्लायवूडची पाठ ठोकली होती, जुन्या गादीचा फोम, कमरेला ट्रकचा पट्टा, आणि आजोबा सीलच्या शिकारीला. मी वाकून ती बैठक बघितली. पाठीचा कोन माझ्यापेक्षा बरा साधला होता. त्यांच्याकडे याला शब्दच आहे, कानुक्तूर्निक, हाताशी असेल त्यातून वाट काढणं. मी फक्त कुल्ल्यांखाली दाबाची जखम होऊ नये म्हणून उशी बदलून दिली. उशी यादीत बसते, कामुतिक बसत नाही. 'तुम्हाला कुठे जायचंय?' हा प्रश्न मी सहा महिने उशिरा विचारला.

मुलांच्या बाबतीत रस्ता वेगळा आहे. मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन १९९९ मध्ये जन्मला आणि २००५ मध्ये पाच वर्षांचा होऊन हॉस्पिटलातच वारला. डॉक्टरांनी घरी पाठवायला हरकत नाही म्हटलं होतं. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने, यावर दोन वर्षांहून अधिक घोळ चालला. तो घरी एक दिवसही राहिला नाही. त्याच्या नावाचं तत्त्व संसदेने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने मान्य केलं: आधी मुलाला सेवा द्या, बिलाचं भांडण मागाहून. इनुइट मुलांसाठी त्याच धर्तीवर इनुइट चाइल्ड फर्स्ट इनिशिएटिव्ह आहे. २०२५ मध्ये नियम आवळले गेले, त्यामुळे आता गुळमुळीत पत्र चालत नाही. 'या मुलाला अमुक वस्तू हवी, कारण त्याला तमुक जमत नाही' असं थेट लिही.

मुलांची तपासणी करताना तोंडाकडे बघ. भुवया वर गेल्या की 'हो', नाक आक्रसलं की 'नाही'. आपल्याकडे नाक मुरडणं म्हणजे नखरा, तिथे ते साधं सरळ उत्तर आहे. 'प्रश्नांना प्रतिसाद देत नाही' असा शेरा घेऊन आलेलं पोर माझ्यासमोर सलग आठ उत्तरं देऊन गेलंय. मात्र कान तपासल्याशिवाय काहीच ठरवू नकोस, मधल्या कानाचे आजार तिथे फार. आणि एखादं बहिरं माणूस घरच्यांशी हातांनी बोलत असेल तर त्याला नुसते हातवारे समजू नकोस. इनुइटांची स्वतःची खुणांची भाषा आहे, आणि आदिवासी खुणांच्या भाषांना २०१९ च्या अ‍ॅक्सेसिबल कॅनडा कायद्यात मान्यताही आहे.

कोणी दक्षिणेला तपासणीला जायला नकार दिला तर फाइलवर 'सहकार्य नाही' लिहायची घाई नको. नुनावुतची राजधानी इकालुइत, तिथून ऑटावा दोन हजार किलोमीटर. शिवाय १९४० ते ६० च्या दशकांत क्षयाच्या रुग्णांना जहाजातून दक्षिणेला नेलं, त्यातले कित्येक परत आले नाहीत. कुणाला कुठे पुरलं हेही घरच्यांना कळलं नाही. पंतप्रधानांनी माफी मागितली ती मार्च २०१९ मध्ये. समोरच्या आजी त्या जहाजावर चढलेल्या कुणाची तरी मुलगी असू शकतात. सोबत घरचं माणूस जाऊ दे यासाठी शिफारसपत्र दे, आणि त्यात भाषेची गरजही लिही.

पेन बॉलपॉइंटचं नेऊ नकोस, बाहेर शाई गोठते. पेन्सिल ने. घरात शिरताना बूट दाराशीच काढायचे, ते तुला सांगायला नको. पोचलास की हाउसिंगवाल्यांना सीलिफ्टची ऑर्डर कधी बंद होते ते विचार आणि मला कळव. माझ्याकडे रॅम्पच्या अर्जाचा एक जुना नमुना आहे, शोधून पाठवते.

तुझी,
मावशी