जुन्या वर्णद्वेषी अन्यायाची सरकारनं माफी मागितली, तर लोकांचा विश्वास परत बसतो का?

नुसत्या माफीनं बसत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी शिकागोत राहतो, म्हणून इथलंच सांगतो.

इथे जॉन बर्ज नावाचा पोलिस अधिकारी होता. १९७२ ते १९९१ या काळात त्यानं आणि त्याच्या हाताखालच्यांनी शंभरावर लोकांचा कोठडीत छळ केला, जवळपास सगळे कृष्णवर्णीय. विजेचे झटके द्यायचे, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून श्वास कोंडायचा आणि कबुलीजबाबावर सही घ्यायची. अशा कबुलीजबाबांवर काहींना मृत्युदंड सुनावला गेला. बर्जला १९९३ मध्ये नोकरीवरून काढलं, पण छळाबद्दल फौजदारी खटला चाललाच नाही. कायद्यातली मुदत उलटून गेली होती. २०१० मध्ये तो दोषी ठरला तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. पेन्शन शेवटपर्यंत चालू राहिली. हे पेन्शनचं मला अजूनही सहन होत नाही.

६ मे २०१५ ला सिटी कौन्सिलनं एकमतानं भरपाईचा ठराव केला आणि महापौरांनी जाहीर माफी मागितली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या ठरावाचा मूळ मसुदा पीडितांच्या बाजूनं लढणाऱ्या वकील-कार्यकर्त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. काय तुटलंय आणि काय दिल्यानं भरून येईल, हे सोसणाऱ्यांनी सांगितलं. ५५ लाख डॉलर्सचा निधी ठरला. मागणी २ कोटींची होती. त्याशिवाय मानसिक उपचारांचं केंद्र, मुला-नातवंडांपर्यंत सिटी कॉलेजांत मोफत शिक्षण, एक स्मारक, आणि सरकारी शाळांत आठवी-दहावीला हा इतिहास शिकवायचा.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका पोलिसानं लक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर १६ गोळ्या झाडल्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये त्याच कौन्सिलनं त्याच्या कुटुंबाला ५० लाख डॉलर्स मंजूर केले. त्या गोळीबाराचा व्हिडिओ मात्र दाबून ठेवला. तो नोव्हेंबरमध्ये बाहेर आला, तोही एका पत्रकारानं कोर्टात दाद मागितल्यावर. म्हणजे मे महिन्यात माफीचे शब्द उच्चारले जात होते, तेव्हा हा व्हिडिओ शहराच्या ताब्यातच होता. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसप्रमुखाला जावं लागलं. आमची माफी खरी मानून लोकांनी विश्वास ठेवावा, असं शहराचे कारभारी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: मागचं कबूल करणाऱ्यानं आजची फाइलही कोर्टानं बडगा उगारायच्या आधी उघडली पाहिजे. पैसे आणि भाषणं त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

तरी त्या ठरावातल्या शाळेच्या कलमाबद्दल मला फार आशा वाटते. अभ्यासक्रम आला तेव्हा शहराच्या वायव्येकडच्या, पोलिसांची बरीच कुटुंबं राहतात अशा भागात काही पालकांनी विरोध केला. आपली मुलं बापाच्या नोकरीकडे संशयानं बघतील, ही त्यांची भीती मी समजू शकतो. पण पोलिसाच्या मुलानं आणि पीडिताच्या नातवानं एकाच पुस्तकात हे वाचणं मला चेकपेक्षा मोठं वाटतं. चेक एकदाच वटतो. हा धडा दरवर्षी नव्या वर्गासमोर उघडायचा असतो.