दोन लाखात 'बिल्डिंगचा मालक' व्हायचंय? जरा थांब भावा

तुझ्याकडं दोन लाख हायत आणि ॲपवाला म्हणतोय पुण्यातल्या ऑफिसात हिस्सा घे, महिन्याला भाडं खा. ऐकायला भारी वाटतंय. मी पण असंच एका स्कीममधी पैसे घातलेले, चार महिने भाडं आलं, मग भाडेकरू गेला आणि माझा हिस्सा घ्यायला कुत्रं पण तयार नव्हतं, तीन वर्षं राजारामपुरीतल्या चहाच्या गाडीवर नुसती चर्चा. कागद काढून बघितला तर नावावर जागा नव्हतीच, कुठल्यातरी कंपनीचे शेअर होते!

२०२४ला सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, असल्या हिस्सा विकणाऱ्या स्कीमांना एसएम रीटचे (रीट म्हणजे लोकांचे पैसे गोळा करून भाड्याच्या इमारती घेणारा ट्रस्ट, एसएम म्हणजे त्यातला छोटा-मध्यम) नियम लावले, पण तिथं कमीत कमी १० लाख लागतात, म्हणजे तुझं काम नाही. १० लाखाच्या खाली हिस्सा विकणारा दिसला की सेबीच्या साईटवर रजिस्ट्रेशन बघ आधी. त्यापेक्षा शेअर बाजारातले मोठे रीट बघ, एक युनिट (त्याचा एक हिस्सा) पण मिळतंय, डीमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं असलं की झालं, आणि वाटण्याजोग्या पैशातला किमान ९० टक्के वाटायलाच लागतो त्यांना. भाव खाली-वर होतोय हां, एफडी नव्हे ती. पन्नास हजार घाल, बाकीचे बँकेत असूदेत, बहिणीचं लग्न हाय म्हणालास न्हवं?